सपाट गच्चीची गळती : सातारा-सांगलीच्या हवेत टिकेल अशी व्यवस्था कोणती निवडावी?

पायथ्याचे घर (सातारा)

नमस्कार. आमचे घर साताऱ्यात अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी आहे. तळमजला आणि त्यावर एक मजला असे हे घर असून वरचा स्लॅब १९८९ साली पडला आहे. गच्ची साधारण ११५० चौरस फुटांची आहे. त्या वेळी वडिलांनी स्लॅबवर विटांच्या तुकड्यांचा कोबा करून घेतला होता आणि पुढची वीस-बावीस वर्षे आम्हाला गळती म्हणजे काय हे ठाऊक नव्हते. गेल्या काही पावसाळ्यांत मात्र पश्चिमेकडच्या खोलीच्या छताला ओल धरू लागली. आधी पिवळसर डाग दिसले, मग पोपडे सुटले आणि गेल्या ऑगस्टमध्ये पंख्याच्या हुकाजवळून थेंब पडू लागले. एका ठिकाणी गिलावा निखळून आतली गंजलेली सळई उघडी पडली आहे.

मधल्या काळात दोन वेळा वरून पांढरा रंगासारखा लेप मारून घेतला. पहिला दोन पावसाळे टिकला आणि दुसरा एकच. दोन्ही वेळा काम करणाऱ्यांनी दहा वर्षांची लेखी हमी दिली होती, परंतु दुसऱ्या वर्षापासून फोन उचलला गेला नाही.

आता तीन अंदाजपत्रके माझ्यासमोर आहेत. पहिले आहे जुन्या कोब्यावर नवा कोबा करून चायना मोझॅक (फरशीच्या तुकड्यांचा थर) लावण्याचे. दुसरे डांबरी पडदा गॅसच्या ज्योतीने चिकटवण्याचे आणि तिसरे संपूर्ण गच्चीवर लोखंडी सांगाडा उभारून रंगीत पत्रा टाकण्याचे. तिन्हींच्या खर्चात दुपटी-तिपटीचा फरक आहे आणि प्रत्येक जण दुसऱ्याची पद्धत निरुपयोगी ठरवतो. गच्चीचा आमच्या घरी रोजचा वापर आहे. उन्हाळ्यात कुरडया-पापड, एरवी कपडे, कोपऱ्यात पाण्याच्या दोन टाक्या आणि आईच्या कुंड्या. एकदाच खर्च करावा आणि तो पुढच्या पिढीला पुरावा अशी इच्छा आहे. आपल्या भागात हे काम स्वतः करून घेतलेल्या किंवा या व्यवसायात असलेल्या मंडळींनी कृपया मार्गदर्शन करावे.

कृष्णाकाठ (सांगली)

पायथ्याचे घर, आपण साहित्याची निवड विचारली आहे, परंतु पाणी नेमके कोठून शिरते हे आपल्या लेखनात कोठेही आलेले नाही. ते कळल्याशिवाय तिन्हींपैकी कोणतेही अंदाजपत्रक मान्य करू नये, असे मी अनुभवाने सांगतो. आमच्याकडे सांगलीत पाऊस साताऱ्यापेक्षा पुष्कळ कमी पडतो, तरीही आमची गच्ची सहा वर्षे गळत होती आणि त्या काळात मी दोन वेळा संपूर्ण गच्चीला लेप दिला. शेवटी कळले, की पाणी गच्चीतून येतच नव्हते. टाकीच्या ओट्याखालून जाणारा पाइप जेथे स्लॅब भेदून खाली उतरतो, तेथे त्याच्याभोवती अर्धा इंच रुंद पोकळी होती आणि ओट्यामुळे ती कोणाला दिसत नव्हती.

गच्चीचे सिमेंट-वाळूच्या आळ्यांनी तीन-चार भाग पाडावेत. एका वेळी एकच भाग दोन इंच पाण्याने भरावा आणि अठ्ठेचाळीस तास तसाच ठेवावा. खालच्या खोलीत खडूने ओलीची कड आखून तारीख-वेळ लिहावी. पाणी काढून टाकल्यावर तो भाग सुकू द्यावा आणि मगच पुढचा भाग भरावा. घाईने सगळीकडे एकदम पाणी भरले तर गळती आहे एवढेच कळेल, आणि ते आपल्याला आधीच ठाऊक आहे. कठड्याची परीक्षा सर्वांत शेवटी आणि वेगळी करावी. त्यासाठी नळीने कठड्याच्या बाहेरच्या अंगावर तासभर पाणी मारावे.

निवृत्त शाखा अभियंता (कराड)

वरील सल्ल्याशी पूर्ण सहमत आहे. चाचणी होईपर्यंत काही मूलभूत गोष्टी लिहून ठेवतो, कारण तीनपैकी पहिले अंदाजपत्रक वाचून मला खरोखर काळजी वाटली.

जुन्या कोब्यावर नवा कोबा करू नये. याचे कारण गणितात आहे. विटांच्या कोब्याचे वजन घनमीटरला साधारण २००० किलो धरले, तर सरासरी चार इंच जाडीचा कोबा चौरस मीटरला सुमारे २०० किलो भरतो. आपली गच्ची १०७ चौरस मीटरची आहे, म्हणजे आज तिच्यावर वीस-एकवीस टन वजन कायमचे बसलेले आहे. दुसरा थर टाकल्यास तितकेच आणखी वाढेल. माणसांचा वावर असलेल्या गच्चीसाठी आपल्या भारतीय मानकात चौरस मीटरला सुमारे १५० किलो इतका चलभार (माणसांचे आणि हलत्या सामानाचे वजन) धरतात. म्हणजे नुसता नवा कोबाच त्या मर्यादेच्या पुढे जातो, आणि तोही ज्या स्लॅबची सळई गंजलेली आपण डोळ्यांनी पाहिली आहे त्यावर! ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप कराड-पाटणच्या माझ्या पिढीने अनुभवला आहे. भूकंपात इमारतीच्या माथ्यावरचे प्रत्येक टन वजन तिला आडव्या दिशेने हेलकावते. आपल्या जिल्ह्यात तरी माथा जड करणारा उपाय स्वीकारताना दहा वेळा विचार केला पाहिजे.

दुसरी गोष्ट म्हणजे ढाळ. छप्पर सपाट दिसले तरी ते सपाट असता कामा नये. किमान शंभरास एक, म्हणजे दहा फुटांना सव्वा इंच ढाळ हवा. ऐंशीस एक, म्हणजे दहा फुटांना दीड इंच मिळाला तर अधिक चांगले. ढाळाचा आणि वजनाचा जवळचा संबंध आहे, पण तो फार थोडे लोक लक्षात घेतात. तीस फूट लांबीच्या गच्चीचे पाणी एकाच टोकाला न्यायचे ठरवले, तर वरच्या टोकाला कोबा खालच्या टोकापेक्षा साडेतीन इंचांहून अधिक जाड करावा लागतो. तेच पाणी मध्ये उंचवटा ठेवून दोन्ही टोकांना सोडले, तर हा फरक पावणेदोन इंचांवर येतो आणि काही टन वजन वाचते. पाणी उतरण्याची एक जागा वाढवणे हे कोणत्याही महागड्या रसायनापेक्षा स्वस्त आणि जास्त उपयोगी आहे. शिवाय एक तोंड पानांनी तुंबले, तर दुसरे चालू राहते.

तिसरी गोष्ट उन्हाची. आपण सगळे पावसाची धास्ती घेतो, पण गच्चीचे नुकसान मुख्यतः मार्च ते मे या महिन्यांत होते. काँक्रीट दर अंश सेल्सिअसला प्रत्येक मीटरमागे सुमारे एक शतांश मिलिमीटर वाढते. पहाटे आणि भर दुपारी स्लॅबच्या पृष्ठभागाच्या तापमानात तीस अंशांचा फरक पडला, तर दहा मीटर लांबीत तीन मिलिमीटर हालचाल होते, आणि ती रोज, वर्षानुवर्षे होत राहते. या हालचालीला सर्वांत आधी जागा देतो तो स्लॅब आणि कठडा यांच्यामधला सांधा. तेथील वाटा (कोपऱ्यात मारलेला मसाल्याचा गोलसर पट्टा) फुटतो, सांधा उघडतो आणि जूनमध्ये पाणी त्याच वाटेने आत जाते. म्हणून जो थर स्लॅबबरोबर ताणला जात नाही, तो कितीही मजबूत असला तरी सांध्यावर तुटणारच.

सळई उघडी पडल्याचे आपण लिहिले आहे, त्याकडे छताइतकेच लक्ष द्यावे. गंज मूळ लोखंडाच्या कित्येक पट जागा व्यापतो आणि काँक्रीटला आतून फोडतो. सैल भाग ठोकून काढणे, सळई तारेच्या ब्रशने चकचकीत होईपर्यंत घासणे, गंजरोधक लेप देणे आणि पॉलिमरयुक्त मसाल्याने भरणे हे काम वरचे काम सुरू होण्याआधी खालून झाले पाहिजे. सळई एक चतुर्थांशाहून अधिक झिजलेली दिसली, तर मात्र संरचना अभियंत्याला प्रत्यक्ष दाखवावे.

माणदेशी

अभियंता काकांनी ढाळाबद्दल लिहिले, त्यावरून आमची माळवदाची घरे आठवली. माण-खटाव-आटपाडीकडे पाऊस थोडा, म्हणून लाकडी तुळया, त्यावर किलच्या (लाकडाच्या चिरलेल्या फळ्या) आणि वर पांढरीच्या मातीचा जाड थर, अशी छपरे असत. ती मातीची असूनही दोन-दोन पिढ्या टिकली, कारण पन्हळीकडे उतार ठेवलेला असे आणि दरवर्षी रोहिणी नक्षत्राच्या आधी घरातले कोणीतरी वर जाऊन माती चोपत असे, उंदरांची बिळे बुजवत असे आणि पन्हळीचे तोंड मोकळे करत असे. काँक्रीट आल्यावर आपण छपराकडे वर्षातून एकदा पाहण्याची सवय सोडून दिली. माझ्या चुलत्यांच्या काँक्रीटच्या घरात कठड्याच्या भेगेत पिंपळ उगवला होता आणि त्याची मुळे कोब्याखाली तीन फूट गेलेली निघाली. रोपटे बोटभर असताना ते उपटायला दोन मिनिटे लागली असती.

पायथ्याचे घर (सातारा)

सर्वांचे मनापासून आभार. कृष्णाकाठ यांनी सांगितल्याप्रमाणे चाचणी पूर्ण केली. तिला अकरा दिवस लागले आणि निष्कर्ष माझ्या अपेक्षेपेक्षा वेगळा निघाला, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

गच्चीचा मधला भाग आणि पूर्वेचा भाग भरल्यावर खाली काहीही बदल झाला नाही. खडूची रेघ जशीच्या तशी राहिली. टाक्यांच्या बाजूलाही काही आढळले नाही. नैर्ऋत्येच्या कोपऱ्यात, जेथे पाणी बाहेर नेणारा एकुलता एक पाइप आहे, तेथे पाणी भरताच चौथ्या तासाला खालची ओल रेघेबाहेर सरकली आणि रात्रीपर्यंत वीतभर पसरली. जाळी काढून बॅटरीने पाहिले. पाइपचे तोंड कोब्याच्या पृष्ठभागापेक्षा बोटभर वर होते, म्हणजे कोपऱ्यात कायमचे डबके साचणारच. पाइप आणि काँक्रीट यांच्यामध्ये माझी करंगळी पेरभर आत गेली. तेथे काळी, मऊ माती साठली होती आणि तिच्यात गांडूळ होते! छत्तीस वर्षांच्या स्लॅबमध्ये गांडूळ सापडावे इतकी ती जागा ओली होती.

शेवटी पश्चिमेच्या कठड्यावर बाहेरून नळीने पाणी मारले. वीस मिनिटांत खोलीच्या भिंतीचा वरचा पट्टा काळसर झाला. आता मला उलगडा होतो, की साताऱ्यात झड लागते तेव्हा वारा पश्चिमेकडून असतो आणि पाऊस आडवा येऊन त्याच कठड्यावर आपटतो, म्हणून त्याच खोलीचे छत खराब झाले. आजवर दोन्ही वेळा लेप मारताना कठड्याच्या बाहेरच्या अंगाला आणि माथ्याला कोणी हातही लावला नव्हता.

कोब्यावर लोखंडी गजाने ठोकत गेलो. पश्चिमेकडचा साधारण एक तृतीयांश भाग बद्द वाजतो, बाकी ठिकाणी आवाज टणक येतो. आता बद्द वाजणारा भागच काढावा की सगळा कोबा काढावा?

कोटिंगचे काम करणारा (कराड)

मी गेली पंधरा वर्षे हेच काम करतो. माझ्या व्यवसायातील लोकांबद्दल आपला अनुभव वाईट आहे आणि तो खोटा नाही, म्हणून जे ग्राहकाला सहसा सांगितले जात नाही ते सांगतो.

लेप टिकत नाही याचे पहिले कारण जाडी. समजा एखाद्या लेपात घनफळाने निम्मा भाग घन पदार्थ आहे आणि निम्मा उडून जाणारा आहे. अशा लेपाचा एक मिलिमीटर जाडीचा सुका पापुद्रा हवा असेल, तर चौरस मीटरला दोन लिटर माल लागतो. आपल्या १०७ चौरस मीटरांसाठी २१४ लिटर, म्हणजे वीस लिटरच्या जवळजवळ अकरा बादल्या. प्रत्यक्षात अनेक ठिकाणी दोन-तीन बादल्यांत पाणी घालून काम उरकले जाते आणि पापुद्रा पाव मिलिमीटरचाही होत नाही. हमीचा कागद पाहण्याऐवजी बादल्या मोजाव्यात. सीलबंद बादली आपल्यासमोर फोडायला सांगावी, रिकाम्या बादल्या काम संपेपर्यंत आपल्याच ताब्यात ठेवाव्यात आणि घन पदार्थाचे प्रमाण कंपनीच्या माहितीपत्रकातून वाचून हे गणित स्वतः करावे.

दुसरे कारण म्हणजे लेपाचा प्रकार. साधा अ‍ॅक्रिलिक लेप उतारावर चांगला चालतो, परंतु साचलेल्या पाण्याखाली तो दिवसेंदिवस मऊ होतो आणि सुटतो. आपल्या नैर्ऋत्य कोपऱ्यात तो टिकणे शक्यच नव्हते. पॉलियुरेथेनचा लेप साचलेले पाणी बराच सहन करतो आणि ताणलाही जातो, परंतु त्यातील स्वस्त अ‍ॅरोमॅटिक प्रकार उघड्या उन्हात पिवळा पडून ठिसूळ होतो. त्याला वरून अ‍ॅलिफॅटिक प्रकारचा थर द्यावा लागतो किंवा तो झाकावा लागतो. सिमेंट आणि पॉलिमर असा दोन भागांचा लेप किंचित दमट पृष्ठभागावरही धरतो, म्हणून आच्छादनाखालच्या थरासाठी तो मला सोयीचा वाटतो.

डांबरी पडद्याबद्दल आपण विचारले आहे. तीन किंवा चार मिलिमीटर जाडीचा, एक मीटर रुंद आणि दहा मीटर लांबीचा गुंडाळा येतो. जाडी कारखान्यातच ठरलेली असल्यामुळे तेथे पाणी मिसळण्याची चोरी होत नाही, हा त्याचा मोठा गुण आहे. परंतु दोन पट्ट्यांमध्ये चार इंचांचा आणि टोकाला सहा इंचांचा चढाव नीट वितळून बसला पाहिजे. आपल्या गच्चीवर असे शे-सव्वाशे मीटर सांधे येतील आणि त्यांतील एक वीतभर सांधा सुटला, तरी पाणी संपूर्ण पडद्याखाली फिरते. शिवाय जुना कोबा आतून ओला असेल, तर उन्हाने त्या ओलीची वाफ होऊन पडद्याला फुगे येतात. आपल्या ओल्या कोब्यावर तो लावणे चुकीचे ठरेल.

ओल आहे की नाही हे पाहण्यासाठी दीड फूट लांब-रुंद जाड प्लॅस्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टीने बंद करून संध्याकाळी गच्चीवर लावावा आणि दुसऱ्या दिवशी काढून पाहावा. आतल्या बाजूला दव दिसले, तर पृष्ठभाग तयार नाही.

आपल्या प्रश्नाचे उत्तर असे, की एक तृतीयांश कोबा पोकळ असेल, तर उरलेल्यातही पाणी मुरलेले असते. माझ्या मते सगळा काढावा.

मिरजकरीण

पत्र्याच्या अंदाजपत्रकाबद्दल अजून कोणी लिहिले नाही, म्हणून आमचा अनुभव मांडते. आम्ही गच्चीवर पत्रा टाकला तो गळती थांबावी आणि उन्हाळ्यात वरच्या खोल्या थंड राहाव्यात म्हणून. उन्हाचा फरक खरोखर पडला, हे मान्य करते. परंतु खांब बसवताना कारागिरांनी प्रत्येक पायाखाली कोब्यातून स्लॅबपर्यंत चार-चार भोके पाडून बोल्ट ठोकले. बारा खांब म्हणजे अठ्ठेचाळीस भोके. वाऱ्याबरोबर आत आलेले पाणी खांबावरून ओघळत नेमके त्या भोकांत उतरू लागले आणि जेथे पूर्वी कोरडे होते, तेथे गळू लागले. तिसऱ्या वर्षी मे महिन्यातल्या वळवाने कडेचे चार पत्रे उचलून शेजारच्या रिकाम्या जागेत नेऊन टाकले. तेथे त्या वेळी कोणी नव्हते, ही देवाची कृपा.

ज्यांना पत्रा टाकायचाच आहे, त्यांनी खांब कठड्याला किंवा बीमवर उंच ओटे बांधून त्यांवर घ्यावेत, कडेच्या ओळीतील स्क्रू मधल्या ओळींपेक्षा जवळजवळ मारावेत आणि प्रत्येक स्क्रूखालचे रबरी वॉशर दरवर्षी तपासावे. जस्त-अ‍ॅल्युमिनियमचा मुलामा असलेल्या पत्र्यावर ओले सिमेंट सांडू देऊ नये, कारण सिमेंटमधील अल्क तो मुलामा खाते. हे आम्हाला उशिरा कळले. नगरपालिकेची परवानगी काढणेही आवश्यक आहे.

निवृत्त शाखा अभियंता (कराड)

ताईंनी फार महत्त्वाचा मुद्दा मांडला. पत्रा गळक्या स्लॅबला झाकतो, दुरुस्त करत नाही.

आता सातारच्या गच्चीबद्दल माझे मत स्पष्ट लिहितो. सगळा कोबा काढावा, स्लॅब उघडा करून धुवावा, दिसणाऱ्या भेगा इंग्रजी व्ही आकारात कोरून पॉलिमर मसाल्याने भराव्यात, पाइपचे तोंड खाली घेऊन भोवती न आकसणारा ग्राउट (ओतून भरायचा सिमेंटचा मसाला) भरावा आणि कठड्याच्या बुडाशी तीन इंचांचा वाटा मारावा. त्यावर सिमेंट-पॉलिमरच्या दोन भागांच्या लेपाचे दोन हात, एक उभा आणि एक आडवा, मध्ये जाळीचे कापड घालून द्यावेत. लेप कठड्यावर किमान एक फूट चढवावा. मग पाणी भरून चाचणी घ्यावी. ती निर्दोष निघाल्यावरच ढाळाचा पातळ कोबा आणि वर पांढऱ्या फरशीच्या तुकड्यांचा चायना मोझॅक करावा.

आमच्या आधीच्या पिढीत हेच काम चुन्याच्या कोब्याने होत असे. गुळाचे आणि बेलफळाचे पाणी शिंपडत बायका ओळीने बसून लाकडी चोपण्यांनी तो चोपत असत, आणि चोपणी टणकन उसळू लागेपर्यंत थांबत नसत. चुना थोडा लवचीक असतो, बारीक भेगा स्वतःच सांधून घेतो. तो आता करणारे हात उरले नाहीत याची मला खंत वाटते, अन्यथा मी तोच सुचवला असता.

कोटिंगचे काम करणारा (कराड)

काकांच्या योजनेतील एका गोष्टीवर माझा मतभेद आदरपूर्वक नोंदवतो. जलरोधक थर कोब्याखाली गाडला की तो दिसत नाही. दहा वर्षांनी गळती झाली, तर दोष शोधण्यासाठी पुन्हा सगळे फोडावे लागते. तोच थर वर उघडा ठेवला, तर भेग डोळ्यांना दिसते, तेवढीच जागा घासून पुन्हा लेप देता येतो आणि वजनही वाढत नाही. पाच-सात वर्षांनी एक हात द्यावा लागेल हे खरे, पण ते एका दिवसाचे काम आहे.

निवृत्त शाखा अभियंता (कराड)

आपला मुद्दा रास्त आहे आणि ज्या गच्चीवर कोणी जात नाही, तेथे मी आपलीच पद्धत सुचवीन. परंतु ज्या गच्चीवर खुर्च्या ओढल्या जातात, कुंड्या सरकवल्या जातात आणि उखळही नेले जाते, तेथे उघड्या लेपाला पहिला चरा पहिल्याच वर्षी पडतो. झाकलेल्या थराला ऊन लागत नाही आणि तापमानाचा चढउतारही कमी सोसावा लागतो. वजनाचे म्हणाल, तर जुना चार इंची कोबा उतरवून सरासरी अडीच इंचांचा नवा केल्यावर गच्ची आजच्यापेक्षा सात-आठ टनांनी हलकीच होईल. अट एवढीच, की पाणी उतरण्याच्या जागा वाढवाव्यात.

मोठ्या कारखान्यांच्या छतांवर वापरतात ते पीव्हीसी किंवा टीपीओ या प्लॅस्टिकचे गरम हवेने जोडलेले पडदेही उत्तम असतात. परंतु छोट्या घरासाठी ते लावणारा कुशल माणूस उद्या दुरुस्तीला हाकेच्या अंतरावर मिळेल का, हा प्रश्न विचारल्यावर मी ते घरगुती कामात सुचवत नाही. आपल्या गावातला गवंडी जे दुरुस्त करू शकतो, त्याला माझी पहिली पसंती आहे.

पायथ्याचे घर (सातारा)

काम पूर्ण होऊन एक पावसाळा गेला आहे, म्हणून या धाग्यावर परत आलो.

गच्चीचा वापर लक्षात घेऊन अभियंता काकांची झाकलेल्या थराची योजना स्वीकारली. कठड्याच्या माथ्यावर आणि बाहेरच्या अंगाला मात्र कोटिंगचे काम करणाऱ्या कराडच्या दादांच्या म्हणण्याप्रमाणे उघडा लवचीक लेप दिला, कारण तेथे कोणी चालत नाही आणि तो पुन्हा देणे सोपे आहे. माथ्याला आतल्या बाजूने ढाळ देऊन बाहेरच्या कडेला टपकणी (पाणी भिंतीपासून दूर टपकवणारी खाच) ठेवली, त्यामुळे पाणी आता भिंतीवरून ओघळत नाही.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात कोबा फोडायला सुरुवात केली. राडारोडा ट्रॅक्टरच्या नऊ खेपांनी गेला. तो उतरत असताना एवढे वजन इतकी वर्षे डोक्यावर होते या विचाराने आई बराच वेळ अंगणात उभी राहून पाहत होती. पोकळ नसलेल्या भागाखालीही विटांचे तुकडे हाताला ओले लागले, तेव्हा सगळा कोबा काढण्याचा सल्ला योग्य होता याची खात्री पटली. स्लॅब सुकायला तेरा दिवस दिले. प्लॅस्टिकच्या तुकड्याखाली पहिल्या दोन वेळा दव आले, तिसऱ्या वेळी आले नाही. लेपाचे काम सकाळी नऊच्या आत आणि संध्याकाळी पाचनंतरच करून घेतले, कारण दुपारच्या तापलेल्या स्लॅबवर तो धरण्याआधीच सुकून भुकटी होत होता. माल वजनाने मोजून, प्रत्येक पाकीट माझ्यासमोर फोडून वापरला. त्यावर कारागीर सुरुवातीला नाराज झाले, परंतु तिसऱ्या दिवसापासून तेच मला रिकामी पाकिटे मोजून देऊ लागले.

पाणी उतरण्याची तोंडे एकाऐवजी तीन केली, प्रत्येकी चार इंची. ढाळ पाण्याच्या नळीने तपासला आणि ऐंशीस एक मिळाला. कोब्यावर पाणी भरून सात दिवस भिजत ठेवला, मग पांढरा मोझॅक घोटून घेतला. मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात काम संपले.

जूनमध्ये दोन-तीन मोठ्या सरी झाल्या, पण मी निर्धास्त झालो नव्हतो. खरी परीक्षा जुलैच्या झडीत झाली. सलग नऊ दिवस ऊन पडले नाही. मी रोज रात्री पश्चिमेच्या खोलीत जाऊन छताला तळहात लावून पाहत असे. छत कोरडे राहिले. गच्चीवर पाऊस थांबल्यावर अर्ध्या तासात कोठेही डबके उरत नाही. नैर्ऋत्य कोपऱ्यातही नाही.

एक गोष्ट अजून पूर्ण सुटलेली नाही. जिन्याच्या टोपीची भिंत जेथे गच्चीला मिळते, तेथे आतून हातभर लांबीची फिकट ओल सप्टेंबरमध्ये दिसली. तेथे आम्ही लेप एक फूट चढवला होता, परंतु दाराच्या उंबऱ्यापाशी तो जेमतेम तीन इंच चढू शकला, कारण उंबराच खाली आहे. कराडच्या दादांनी येऊन जागा पाहिली आहे. पुढच्या मार्चमध्ये दाराची चौकट काढून उंबरा सहा इंचांनी वर घ्यायचे ठरले आहे. अशा प्रकारे उंबरा उचलताना दगडी उंबरा ठेवावा की काँक्रीटचा, याविषयी कोणाला अनुभव असल्यास येथे लिहावे. आईची इच्छा जुना दगडच पुन्हा बसवावा अशी आहे.